वारंवार जुलाब लागतात? कारण या क्रमानं शोधा

दोन दिवस पोट बिघडतं, गोळी घेतली की थांबतं आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. मग पुन्हा तीच गोळी. असं चार-पाचदा झालं की माणूस म्हणायला लागतो, "माझं पोटच नाजूक आहे."

डॉक्टरांसमोर जाण्याआधी रुग्णाची हकिगत लिहून घ्यायची, हे माझं बाह्यरुग्ण विभागातलं काम. बरीच वर्षं ते केलं. "पोट नाजूक आहे" हे ऐकलं की मी वहीचं नवं पान काढते, कारण इथून पुढे बरंच विचारायचं असतं. पोट नाजूक आहे म्हटल्यानं काहीच उलगडत नाही. बहुतेकदा कारण रोज तोंडात जाणारं, घरातलंच काहीतरी असतं आणि तारखा जुळवल्या की ते सापडतं. मी ज्या क्रमानं विचारते तोच क्रम खाली दिला आहे. फुकटातल्या गोष्टी आधी, खर्चाच्या आणि त्रासाच्या शेवटी.

## आधी लक्षणं नीट पाहा

दिवसातून ३ किंवा त्याहून जास्त वेळा पातळ शौचाला झालं तर ते जुलाब, असं जागतिक आरोग्य संघटना मानते. यातला "पातळ" हा शब्द सोडू नका. चारदा जाऊनही घट्ट होत असेल तर ते जुलाब नव्हेत. अंगावर पिणाऱ्या बाळाचं शौच मऊ आणि पातळसर असतंच, त्यालाही जुलाब म्हणत नाहीत. १४ दिवसांच्या आत थांबले तर ते तात्पुरते, त्यामागे बहुधा संसर्ग असतो. १४ दिवसांच्या पुढे गेले तर रेंगाळलेले. आणि ४ आठवड्यांपेक्षा जास्त चालले तर ते जुनाट, त्यांची कारणं वेगळी.

मग स्वरूप. भरपूर आणि पाण्यासारखं होत असेल तर बिघाड बहुधा लहान आतड्यात असतो. थोडं थोडं, पण सारखं जावं लागतं, कळ येते, आव पडते, जाऊन आल्यावरही साफ झाल्यासारखं वाटत नाही, असं असेल तर मोठ्या आतड्यात. फिकट, तेलकट, उग्र वासाचं आणि पाणी ओतूनही भांड्याला चिकटून राहणारं शौच असेल तर चरबी पचत नाहीये. लोक हे सांगायला लाजतात. लाजू नका. डॉक्टरला यातून जे कळतं ते पोटावर हात ठेवून कळत नाही.

आणखी दोन प्रश्न मी प्रत्येकाला विचारतेच. रात्री गाढ झोपेतून उठून जावं लागतं का? आणि दिवसभर काही खाल्लं नाही तर जुलाब थांबतात का?

हे का विचारायचं, ते सांगते. प्यायलेलं पाणी, लाळ, जठरातला रस, पित्त, स्वादुपिंडाचा रस असं सगळं मिळून रोज ८ ते ९ लिटर द्रव लहान आतड्यात येतं. आतडी त्यातलं जवळजवळ सगळं परत ओढून घेतात आणि शौचावाटे जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर पाणी बाहेर जातं. इतका मोठा व्यवहार रोज चालतो, त्यामुळे जराशी खोट आली तरी बाहेर पाणीच पाणी. ही खोट मुख्यतः दोन प्रकारची. कधी न पचलेली एखादी वस्तू आतड्यात पाणी धरून ठेवते. ती खाणं बंद केलं की जुलाबही थांबतात. कधी आतड्याचं अस्तरच पाणी सोडत राहतं. मग तुम्ही उपाशी राहा नाहीतर झोपा, ते चालूच राहतं. पहिला प्रकार घरी शोधता येतो. दुसऱ्यासाठी डॉक्टर लागतो.

## यातलं काहीही असेल तर पुढे वाचू नका, डॉक्टरकडे जा

- शौचात रक्त, किंवा डांबरासारखं काळं, चिकट शौच. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळं होतं आणि बीट खाल्ल्यावर लालसर होतं, तेवढं आठवून पाहा. तरीही शंका वाटली तर दाखवाच.
- ३९ अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे १०२ फॅरनहाइटच्या वर ताप.
- २४ तासांत ६ किंवा त्याहून जास्त जुलाब, किंवा प्यायलेलं काहीच पोटात न ठरणं.
- पोटात जोराचं, सतत दुखणं, शौचाला जाऊन आल्यावरही न थांबणारं.
- कितीतरी तास लघवीच न होणं किंवा अगदी गडद होणं, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, गुंगी.
- बाळाचे डोळे खोल गेलेत, रडताना अश्रू येत नाहीत, टाळू आत गेली आहे, ते पीत नाही, किंवा पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसते.
- तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके, धो धो जुलाब. ही पटकी, म्हणजे कॉलरा, असू शकते. तीत तासाला १ लिटरपर्यंत पाणी अंगातून जाऊ शकतं, तेव्हा सकाळची वाट पाहू नका.

एरवी ठणठणीत असलेल्या मोठ्या माणसाला २ दिवसांत आणि मुलाला १ दिवसात उतार पडला नाही तरी जा. सहा महिन्यांच्या आतलं बाळ, गरोदर बाई, फार म्हातारं माणूस, केमोथेरपी चालू असलेला किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेला रुग्ण, यांनी तेवढंही थांबू नये.

## कारण शोधण्याआधी पाणी भरून काढा

जुलाबानं माणूस दगावतो तो बहुतेक वेळा पाणी आणि क्षार गेल्यानं. म्हणून कारण सापडो न सापडो, पहिलं काम हेच.

नुसतं पाणी का पुरत नाही? आतड्याच्या पेशींमध्ये एक दार असं आहे की त्यातून मीठ आणि ग्लुकोज जोडीनंच आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. जुलाब कितीही जोराचे असले तरी हे दार बहुधा चालू राहतं. जलसंजीवनीचं, म्हणजे ओआरएसचं, सगळं सामर्थ्य या एका गोष्टीत आहे. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत हे द्रावण भरून रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजलं. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. पाजणाऱ्यांत प्रशिक्षित असं फारसं कोणी नव्हतं, घरचीच माणसं होती. म्हणून हे घरी करायचं काम आहे, असं मी ठासून सांगते.

पण ते नीट करा. सगळ्यात जास्त दिसणारी चूक अशी: १ लिटरचं पाकीट असतं, आई त्यातली अर्धी पूड पेलाभर पाण्यात ढवळते आणि उरलेली घडी घालून संध्याकाळसाठी ठेवते. हे द्रावण दुपटीहून जास्त दाट होतं. दाट द्रावण आतड्यात गेलं की उलट अंगातलं पाणी ओढतं आणि जुलाब वाढतात. मग "ओआरएस मानवत नाही" म्हणून ते बंद होतं. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घ्या, पाकीट पूर्ण रिकामं करा आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात चहाच्या चमच्यानं ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा सपाटच हवा, शीग लावलेला नको. मीठ जास्त पडलं तर लहान मुलाला ते घातक ठरतं. कोला आणि गोड सरबतांत साखर फार असते, ती याच्या जागी चालत नाहीत.

दर जुलाबानंतर २ वर्षांच्या आतल्या मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, मोठ्यांना मागतील तेवढं. उलटी झाली तर १० मिनिटं थांबा आणि मग चमच्याचमच्यानं पुन्हा सुरू करा. अंगावरचं दूध थांबवू नका, जेवणही तोडू नका. मुलांसाठी झिंक असतं, १० ते १४ दिवस. सहा महिन्यांच्या आत रोज १० मिलिग्रॅम, पुढे २० मिलिग्रॅम. दोन दिवसांत जुलाब थांबले तरी झिंकचा क्रम पुरा करा.

जुलाब थांबवणाऱ्या गोळ्यांचं काय, हे हमखास विचारतात. लोपेरामाइड आतड्याची हालचाल मंदावतं, कारणाला हात लावत नाही. ताप किंवा रक्त असेल तर ते घेऊ नका, जंतू आणि त्यांचं विष आतच अडकून राहतं. लहान मुलांना तर आपल्या मनानं कधीच देऊ नका. मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिकची पट्टीही काढू नका. बहुतेक तात्पुरते जुलाब विषाणूंचे असतात, त्यांच्यावर ती चालत नाही आणि तिच्यामुळे स्वतंत्र जुलाब लागू शकतात. त्याबद्दल पुढे येईलच.

## पहिली तपासणी: तारीख, वेळ आणि सोबत कोण

वही आणि पेन एवढंच लागतं. पानावर चार रकाने आखा: कधी सुरू झालं, त्याआधी काय तोंडात गेलं, कोणतं औषध नवं आलं किंवा बदललं, घरात आणखी कुणाला झालं. दोन-तीन फेऱ्यांची नोंद झाली की चित्र दिसायला लागतं.

वेळेला इतकं महत्त्व का? प्रत्येक कारणाचं घड्याळ वेगळं असतं. जेवणानंतर १ ते ६ तासांत उलट्या सुरू झाल्या आणि मग जुलाब, तर अन्नात आधीच तयार झालेलं विष पोटात गेलं, स्टॅफिलोकोकस किंवा बॅसिलस सिरियस या जंतूंचं. ६ ते २४ तासांत पोटात कळा आणि जुलाब, ताप नाही, तर मोठ्या भांड्यात शिजवून तसंच सावकाश निवू दिलेलं अन्न तपासा. १२ ते ४८ तास लागले आणि घरातले एकामागून एक पडले तर नोरोव्हायरस. कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू २ ते ५ दिवस घेतो. जिआर्डिया या परजीवीला तर १ ते २ आठवडे लागतात.

आता आपण काय करतो? पोट बिघडलं की शेवटच्या जेवणाला दोष देतो. पाहुण्यांकडे जेवलो आणि तासाभरात जुलाब लागले, म्हणजे त्यांच्याच जेवणाचा दोष. कितीतरी वेळा तो परवाच्या, नाहीतर मागच्या आठवड्यातल्या पाण्याचा असतो. म्हणून नोंद मागे १४ दिवसांपर्यंत करा.

घरात एकट्यालाच होतंय का, हा प्रश्नही तितकाच मोलाचा. सगळ्यांना होत असेल तर पाणी, अन्न किंवा हात. त्याच पाण्यावर, त्याच स्वयंपाकावर राहूनही एकट्यालाच पुन्हा पुन्हा होत असेल, तर त्याच्या एकट्याच्या तोंडात काय जातं ते शोधा. मी तिथून थेट औषधांवर येते.

## दुसरी तपासणी: औषधांचा डबा उघडा

एक निवृत्त गृहस्थ चार महिने जुलाबानं हैराण होते. दोनदा शौचाची तपासणी झाली, काही निघालं नाही. मधुमेहाच्या गोळीबद्दल विचारलं तर म्हणाले, "ती सहा वर्षं चालू आहे, तिचा काय संबंध?" मी म्हटलं, डबा घेऊन या. डब्यात दोन पट्ट्या एकाच रबरबँडमध्ये होत्या, एक अर्धी संपलेली जुनी आणि एक नवी. रंग तोच, नाव तेच. जुनीवर ५०० लिहिलेलं, नवीवर १०००. मेटफॉर्मिनचा डोस चार महिन्यांपूर्वी दुप्पट झाला होता आणि ही गोष्ट त्यांच्या लक्षातच राहिली नव्हती. डॉक्टरांनी सावकाश विरघळणारी गोळी दिली आणि पंधरा दिवसांत पोट ठिकाणावर आलं.

तेव्हापासून मी तोंडी यादीवर विसंबत नाही. पट्ट्या, बाटल्या, पुड्या, सगळं समोर मांडा. मेटफॉर्मिनमुळे जुलाब सुरुवातीलाच होतात असं नाही, वर्षांनंतरही होऊ शकतात. आम्लपित्तावरच्या पातळ औषधात मॅग्नेशियम असेल तर ते स्वतःच रेचक आहे. जेवण जड झालं म्हणून रोज दोन झाकणं पिणारी माणसं ते औषधात धरतही नाहीत. व्हिटॅमिन सी दिवसाला २ ग्रॅमच्या वर गेलं की जुलाब होतात. गाउट या सांधेदुखीवरचं कोल्चिसिन, नैराश्यावरच्या काही गोळ्या, वेदनाशामक गोळ्या, आम्ल कमी करणाऱ्या कॅप्सूल, यांच्यानंही होतात. खोकल्याच्या किंवा तापाच्या गोड सिरपमध्ये बऱ्याचदा सॉर्बिटॉल नावाची, आतड्यात पाणी धरणारी गोड वस्तू असते, म्हणून आजारी मुलाचे जुलाब आजारापेक्षा सिरपचे असू शकतात.

अँटिबायोटिकचं वेगळं सांगायला हवं. ती घेताना सौम्य जुलाब पुष्कळांना होतात आणि औषध संपलं की थांबतात. पण आतड्यातले नेहमीचे जंतू मेले की क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू माजतो आणि तो औषध संपल्यावर कित्येक आठवड्यांनीसुद्धा डोकं वर काढतो. गेल्या ३ महिन्यांत अँटिबायोटिक घेतली असेल आणि आता पाण्यासारखे जुलाब, कळा, ताप असेल तर घरी काहीही करू नका. लोपेरामाइडही नको. हे डॉक्टरचंच काम.

औषध सापडलं तरी ते आपण होऊन बंद करू नका. डॉक्टरला फोन करा आणि तारखा सांगा. बदल बहुतेकदा साधा असतो.

## तिसरी तपासणी: जे "खाणं" म्हणून मोजलं जात नाही

"काय खाता?" असं विचारलं की लोक जेवण सांगतात. च्युइंगम कुणी सांगत नाही.

सिगारेट सोडलेली एक तरुणी आली होती. सिगारेटच्या जागी साखरविरहित च्युइंगम, दिवसाला एक पाकीट, कधी दीड. जुलाब, पोटात गुडगुड, गॅस. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत सॉर्बिटॉल लिहिलेलं होतं. सॉर्बिटॉल, मॅनिटॉल, झायलिटॉल या गोड वस्तू आतड्याला नीट शोषता येत नाहीत. त्या पाणी धरून पुढे सरकतात आणि मोठ्या आतड्यात आंबून गॅस करतात. एका च्युइंगममध्ये साधारण सव्वा ग्रॅम सॉर्बिटॉल असतं, तेव्हा बेरीज पटकन वाढते. २००८ साली जर्मन डॉक्टरांनी दोन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. च्युइंगम आणि साखरविरहित गोळ्यांतून दिवसाला २० ते ३० ग्रॅम सॉर्बिटॉल पोटात जात होतं, जुनाट जुलाब होते आणि वजन एकाचं ११, तर दुसऱ्याचं २२ किलोंनी उतरलं होतं. च्युइंगम बंद केल्यावर जुलाब थांबले. त्याआधी त्यांच्या बऱ्याच महागड्या तपासण्या होऊन गेल्या होत्या.

तेव्हा एक आठवडा हे सगळं बंद: साखरविरहित गोळ्या, च्युइंगम, "डाएट" म्हणून घेतलेली चॉकलेटं. फळांचा रसही थांबवा, विशेषतः छोट्या मुलांचा. एक-दोन वर्षांचं मूल खेळतंय, वजन वाढतंय, पण दिवसातून चार-पाचदा पातळ होतं आणि त्यात न पचलेले तुकडे दिसतात, तेव्हा दिवसभर हातात असलेली रसाची बाटली आधी काढून घ्या. मोठ्यांनी कॉफी आणि दारू मोजावी. दोन्ही आतड्याची चाल वाढवतात.

मग दूध. जगातल्या जवळजवळ दोन तृतीयांश मोठ्या माणसांना दुधातली साखर, लॅक्टोज, पूर्ण पचत नाही. ती पचवणारं लॅक्टेज हे विकर लहानपणानंतर कमी होत जातं. म्हणून "लहानपणापासून दूध पितोय" हे उत्तर होत नाही. तिशीत त्रास सुरू होणं अगदी स्वाभाविक आहे. दूध आणि त्याचे पदार्थ २ आठवडे पूर्ण बंद करा, फरक पडतो का पाहा आणि मग पेलाभर दूध पिऊन पुन्हा बघा. ही दुसरी पायरी लोक गाळतात. दूध पुन्हा सुरू केल्यावर त्रास परतला तरच दोष दुधाचा. नाहीतर योगायोगानं थांबलेल्या जुलाबासाठी दूध जन्मभरासाठी सुटतं.

एका वेळी एकच गोष्ट बंद करा. चार गोष्टी एकदम सोडल्या आणि बरं वाटलं, तर कारण त्यातलं कोणतं ते कधीच कळत नाही.

## चौथी तपासणी: हात, अन्न, पाणी

घरात एकाहून अधिक जणांना होत असेल तर इथून सुरुवात करा.

नोरोव्हायरसला अल्कोहोलचं सॅनिटायझर फारसं जुमानत नाही. साबण आणि वाहतं पाणी, निदान २० सेकंद. बरं झालेल्या माणसाच्या शौचातून हा विषाणू दोन आठवडे किंवा जास्तही बाहेर पडत राहतो, म्हणून ज्याला झालं त्यानं थांबल्यावर निदान २ दिवस तरी स्वयंपाकाला हात लावू नये. घरात फेऱ्या संपत नाहीत त्याचं हे एक मोठं कारण.

शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मधे जितका वेळ राहील तितके जंतू वाढतात. २ तासांच्या आत ते फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, उथळ भांड्यात, म्हणजे लवकर गार होतं. भातातल्या बॅसिलस सिरियसचे बीजाणू शिजवल्यानं मरत नाहीत आणि उलटी आणणारं त्याचं विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. "चांगलं उकळून घेतलं होतं" हे बचावाचं वाक्य इथे उपयोगी पडत नाही.

पाण्याच्या बाबतीत एक गैरसमज फार पक्का आहे की क्लोरीन टाकलं म्हणजे झालं. जीवाणू आणि बरेचसे विषाणू मरतात, हे खरं. जिआर्डियाच्या कोशांना जास्त वेळ आणि जास्त मात्रा लागते. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी तर नेहमीच्या क्लोरीनला दादच देत नाही. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नळाच्या, शुद्ध केलेल्या पाण्यातून त्याची साथ आली आणि अंदाजे ४ लाख लोकांना जुलाब झाले. नुसत्या कोळशाच्या फिल्टरनंही हे अडत नाहीत. पाणी खळखळून १ मिनिट उकळलं की मात्र यातलं काहीही टिकत नाही. २००० मीटरच्या वर राहत असाल तर ३ मिनिटं उकळा. दोन आठवडे फक्त उकळलेलं पाणी, दात घासायलाही तेच, हा प्रयोग करून पाहा. घरातले जुलाब थांबले तर टाकी, जलवाहिनी किंवा फिल्टर यांच्याकडे वळा.

## पाचवी: हे खरंच जुलाब आहेत का?

हा प्रश्न फक्त म्हातारी माणसं, अंथरुणाला खिळलेले रुग्ण आणि बद्धकोष्ठ असलेली मुलं यांच्यासाठी, पण त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा.

मोठ्या आतड्याच्या टोकाला कडक मळाचा गोळा अडकतो आणि वरचं पातळ मळपाणी त्याच्या कडेनं झिरपत बाहेर येतं. कपडे, चादरी भरतात आणि घरचे म्हणतात जुलाब लागले. एका आजींना याच समजातून आठवडाभर जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या दिल्या होत्या. पोट फुगून टणक झालं होतं, खाणं बंद, आणि चादर दिवसातून तीनदा बदलावी लागत होती. डॉक्टरांनी बोट घालून तपासलं आणि दोन मिनिटांत उलगडा झाला. तुमच्या घरात असं असेल, म्हणजे आधी कित्येक दिवस शौचाला झालं नव्हतं आणि मग नकळत थोडं थोडं पातळ व्हायला लागलं, तर थांबवणारी गोळी देऊ नका. स्वतः एनिमा देण्याच्याही भानगडीत पडू नका. परिचारिका किंवा डॉक्टरला बोलवा.

## संसर्ग गेला, पोट मात्र पूर्वीसारखं नाही

मोठा संसर्ग होऊन गेल्यावर आतड्याच्या अस्तरातलं लॅक्टेज काही आठवडे कमी पडतं. ताप गेला, उलट्या गेल्या, पण दूध घेतलं की जुलाब. हे आपोआप भरून येतं, दूध तेवढे दिवस कमी करा. अंगावर पिणाऱ्या बाळाला हा नियम लावू नका.

काहींना मात्र महिनोन्‌महिने त्रास राहतो. साधारण दहातल्या एकाला संसर्गानंतर इरिटेबल बॉवेल सिंड्रोम मागे उरतो. पोटात दुखतं, शौचाला जाऊन आलं की बरं वाटतं, ताणात वाढतं, रात्री झोपेत होत नाही, वजन उतरत नाही, रक्त नसतं. हे "मनाचे खेळ" नव्हेत. आतड्याच्या नसा आणि चाल संसर्गानं खरोखर बदललेली असते आणि त्यावर औषधं आहेत. पण हे निदान घरी स्वतःच करू नका, कारण सुरुवातीला असंच दिसणारे दुसरे आजार आहेत.

## इथून पुढे घरी काही करू नका

चार आठवडे उलटले, वरचं सगळं पाहून झालं आणि जुलाब चालूच असतील तर थांबा. तसंच रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, कारण नसताना उतरणारं वजन, रक्तक्षय, तेलकट शौच, घरात आतड्याच्या कर्करोगाचा किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिसचा (मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडण्याचा आजार) इतिहास, किंवा पन्नाशीच्या आसपास शौचाची सवय अचानक बदलणं, यातलं एक जरी असेल तरी चार आठवडेही थांबायचं नाही.

डॉक्टर थायरॉइड तपासतील, कारण ते जास्त चालत असेल तर आतडंही धावतं. सीलिॲक आजारासाठी रक्त तपासतील. त्यात गहू, बार्ली यांतल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याचं अस्तर झिजतं. इथे एक विनंती: ही तपासणी होईपर्यंत गहू सोडू नका. आधीच सोडला तर रक्तातल्या खुणा कमी होतात आणि आजार असूनही तपासणी निर्दोष येते. पित्ताशय काढलं असेल तर ते आवर्जून सांगा. त्यानंतर पित्त सतत आतड्यात झिरपतं, मोठ्या आतड्याला चुरचुरवतं आणि काहींना वर्षानुवर्षं जुलाब होत राहतात. त्यावरचं औषध वेगळंच आहे. आतड्याला सूज आहे का ते शौचातल्या कॅलप्रोटेक्टिन या प्रथिनावरून कळतं. कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी, सांगितली तर टाळू नका. मायक्रोस्कोपिक कोलायटिससारखा आजार डोळ्यांना दिसत नाही, अस्तराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो.

जाताना वही न्या, औषधांचा अख्खा डबा न्या, गेल्या ३ महिन्यांतल्या अँटिबायोटिकची नावं आणि तारखा लिहून न्या. शौचाचा नमुना पातळ होत असतानाच द्या. स्वच्छ कोरड्या डबीत, लघवी किंवा भांड्यातलं पाणी मिसळू न देता, आणि शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत पोचवा. परजीवी शोधायचा असेल तर एका नमुन्यावर समाधान मानू नका. जिआर्डिया रोज बाहेर पडत नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवशी असे ३ नमुने द्यावे लागतात. पहिल्यात काही निघालं नाही म्हणून दुसरा आणि तिसरा द्यायचा राहून गेला आणि मग वर्षभर तोच जिआर्डिया पोटात घेऊन फिरणारी माणसं मी पाहिली आहेत. तिन्ही डब्या एकदमच मागून घ्या.